हाताचं माप

मुलुंड,
२२ जानेवारी १९८७

प्रिय विद्याधर,

पाकिटावर तुझा पत्ता लिहिताना आज पुन्हा हात अडखळला. इतकी वर्षं तुझं नाव, पलटणीचं नाव आणि खाली ‘मार्फत ५६ एपीओ’ हा लष्करी टपालाचा क्रमांक, एवढंच लिहायची सवय. तू नक्की कुठे आहेस ते त्या पत्त्यावरून कधीच कळायचं नाही, आणि तरी पत्र पोचायचं, उशिरा का होईना उत्तरही यायचं. आता पत्ता अगदी स्पष्ट आहे. लष्करी रुग्णालय, वॉर्ड, पुणे. सकाळी निघाले तर जेवणाच्या वेळेला पोचेन एवढ्या अंतरावर तू आहेस, आणि तुझं एक अक्षर नाही. आधीची माझी पत्रं तुला मिळाली, एवढं तुझ्या आईकडून, नलिनीकाकूंकडून समजलं. उत्तराऐवजी तू त्यांच्याबरोबर निरोप पाठवलास. त्या निरोपाबद्दल मला बोलायचंच आहे, पण शेवटी. तुला ठाऊक आहे, समोरचा ऐकून घेणार नाही असं वाटलं की मी आधी इकडचं तिकडचं बोलत राहते. तर आता इकडचं ऐक.

मुलुंडला थंडी पडली आहे. हसू नकोस. सकाळी डोंगराकडून वारा येतो आणि आमच्या सोसायटीत जो तो काहीतरी गुंडाळून फिरतो. बाबांनी माकडटोपी काढली आहे आणि ती घालून ते दूध आणायला जातात, तेव्हा दूधवाल्यालासुद्धा दोनदा बघावं लागतं. आईचा शाल आणि स्वेटर दोन्ही घालण्याचा कार्यक्रम सुरू आहे. परवा तर वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी होती, मुंबई गारठली. एरवी अशी बातमी मी कापून तुला पाठवली असती आणि तू उलट टपाली लिहिलं असतंस की मुंबईकरांना धीर द्या, पंखा एकवर ठेवा. यंदा मी ती बातमी वाचली आणि घडी घालून ठेवून दिली. घरात कुणी थंडी म्हटलं की मी खोलीतून उठून जाते. आईच्या ते लक्षात आलं आहे, म्हणून ती आता ‘जरा गार आहे’ असं म्हणते.

तुला कलिन्याचा तो वर्ग आठवतो का रे? एम.ए.चं दुसरं वर्ष, दुपारची वेळ, घामाने वहीचं पान कोपराला चिकटतंय, आणि सर पहिल्या महायुद्धातल्या कविता शिकवताहेत. खंदकात साचलेलं पाणी, बुटात कुजणारे पाय, बसल्या जागी थिजलेली माणसं. सर अगदी रंगात आले होते आणि तू मागच्या बाकावरून म्हणालास की सर, या कवींना गोळी लागतच नाही, यांना नुसती सर्दी होते. वर्ग हसला, सरांनी तुला बाहेर काढलं आणि मी मनात म्हटलं, काय आगाऊ मुलगा आहे. कॅन्टीनमध्ये तुझ्याशी भांडायलाच मी आले होते. पण तू खरंच सगळ्या कविता वाचून बसला होतास. तुझं म्हणणं होतं की या कवितांमध्ये शत्रू कधीमधी दिसतो, आभाळ मात्र ओळीओळीत आहे. मी म्हटलं, तू कविता वाचतोस की कुलाबा वेधशाळेत नोकरी करतोस. त्यावर तू हसलास आणि मग एकदम गंभीर होऊन विचारलंस की शत्रूचा राग येतो, पण पावसाचा राग माणूस कसा धरणार? राग धरायलाही समोर कुणी नसलं की माणूस काय करतो? मला वाटतं, मी तुझ्या प्रेमात पडले ती तिथेच, त्या कळकट टेबलाशी, उत्तर येत नाही म्हणून चिडलेली असताना.

पुढे तू मद्रासला ट्रेनिंगला गेलास तेव्हा अख्ख्या पार्ल्याला धक्का बसला. नलिनीकाकू सगळ्यांना सांगत फिरायच्या की हा इंग्रजीचा प्राध्यापक व्हायचा होता हो, आणि बघा. मला मात्र धक्का बसला नाही. ज्या माणसाला पावसाचा राग कसा धरायचा याची चिंता पडते तो खडू हातात घेऊन कुठवर बसणार? तो खडू माझ्याच हाती आला. तू सीमेवर आणि मी घाटकोपरच्या कॉलेजात, असे आपण वाटून घेतल्यासारखे राहिलो. गेल्या ऑगस्टमध्ये तू रजेवर आलास, पार्ल्याला आपला साखरपुडा झाला, आणि दुसऱ्या दिवशी मुलुंडला जेवायला आलास तेव्हा सांगितलंस की आता मला वर जायचं आहे. ‘वर’ एवढंच. बाबांना वाटलं बढती. मला कळलं, कारण वर्तमानपत्रात त्या हिमनदीबद्दल येत होतं. मार्गशीर्षात मी खाली येईन, मग लग्न, असं तू म्हणालास, जसं काही तू गच्चीवर वाळवण बघायला चालला होतास.

त्याच दुपारी मी तुझ्या हाताचं माप घेतलं. बाहेर बाबा आणि काकू मांडवाच्या गोष्टी करत होते आणि आपण आतल्या खोलीत माझ्या टेबलाशी होतो. कॉलेजच्या परीक्षेची एक कोरी पुरवणी होती, तिच्यावर तू उजवा हात ठेवलास, बोटं पसरून, आणि मी पेन्सिल फिरवली. तुला गुदगुल्या झाल्या. करंगळीपाशी आल्यावर तू हात हलवलास आणि रेघ भलतीकडे गेली. मी ओरडले तर तू म्हणालास, राहू दे, माझी करंगळी जाड आहे असं समज. तेवढ्यात आई पाणी घेऊन आली, आपल्याला तसं बघितलं आणि पाणी न देताच परत गेली. तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

हे माप कशासाठी ते तुला माहीतच आहे. आमच्या महिला मंडळाच्या शांताबाईंनी जवानांसाठी लोकरीचे हातमोजे करायचे ठरवले होते. आता तूच सांग, मुलुंडमध्ये हातमोजे कुणी पाहिलेत? शांताबाईंना बाळंतविडा करता येतो, टोपडी, झबली, पायमोजे, झकास करतात त्या. त्यांनी एका मासिकातलं चित्र पाहून आम्हाला शिकवलं आणि सप्टेंबरच्या उकाड्यात आम्ही बारा-पंधरा बायका पंख्याखाली बसून लोकर विणत होतो. हाताला घाम, लोकर बोटांना चिकटायची, टाके सुटायचे. एकेक बोट वेगळं विणायचं म्हणजे जिवाला घोर. माझे मोजे त्यातल्या त्यात बरे झाले, फक्त उजवी करंगळी अंगठ्याएवढी, कारण तुझं माप तसं होतं. मी ते पाठवले आणि तुझं उत्तर आलं ते वाचून अख्खं मंडळ हिरमुसलं. तू लिहिलं होतंस की इथे कुणी बोटांचे मोजे घालत नाही. बोटं वेगवेगळी ठेवली की वेगवेगळी गारठतात. अंगठा तेवढा बाजूला आणि बाकी चौघं एका पिशवीत, म्हणजे एकमेकांना ऊब देतात. चाळीतल्या एका खोलीत चौघं झोपली की कसं पांघरूण लागत नाही, तसं. मुंबईच्या माणसांना हे कळायला नको का, असंही वर लिहिलंस. माझे मोजे तू आचाऱ्याला दिलेस, तो त्यांनी तापलेली किटली उचलतो म्हणे. मी रुसले, मग हसले, मग नवी लोकर आणून तुझ्यासाठी बिनबोटांचे मोजे विणायला घेतले. यावेळी शांताबाईंना न विचारता.

तुझी सगळी पत्रं अशीच असायची. टूथपेस्ट उशाशी घेऊन झोपावं लागतं, नाहीतर सकाळी दगड. अंडं उकडायच्या आधी हातोडीने फोडलं. दाढीत बर्फाची चकली. बाबा ती पत्रं मोठ्याने वाचायचे आणि आम्ही हसायचो. पण मी मूर्ख नाही, विद्याधर. तू जे लिहीत नव्हतास ते मी दुसरीकडे शोधत होते. रात्री घरी कुणाला दिसू नये म्हणून चोरून नाही, अगदी उजेडात, स्टाफरूममध्ये बसून मी त्याच जुन्या कविता पुन्हा काढल्या. परीक्षेसाठी वाचल्या होत्या तेव्हा त्या कविता होत्या. आता त्या मला तुझ्याकडून आलेल्या बातम्या वाटायच्या. कवीने लिहिलेलं असायचं की पहाटेची वाट पाहिली आणि पहाट आली ती अधिकच गार. मी ते वाचून डोळे मिटायचे आणि तू कुठल्या बाजूला तोंड करून बसला असशील याचा विचार करायचे. कवींना एक गोष्ट चांगली कळली होती. बर्फाला कुणाशी वैर नसतं. या खंदकावर आणि त्या खंदकावर तो सारखाच पडतो. म्हणूनच त्यातलं दुःख एवढं एकटं असतं. कॅन्टीनमधल्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या कवींनाही सापडलेलं नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

एकाच पत्रात तू थट्टा केली नाहीस. दिवाळीनंतरचं ते पत्र. चारच ओळी आणि खाली सही.

इथे बंदुकीला सुट्टी असते,
थंडीला नसते.
ती रोज हजेरी घेते
आणि आम्ही हळू आवाजात ‘हजर’ म्हणतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हजेरीचं पान उघडलं आणि पहिलं नाव न घेताच वही मिटली. मुलांना वाटलं मॅडमना बरं नाही. त्या दिवशी मी हजेरी घेतलीच नाही. तासाला हाच विषय होता. एका कवितेत पहाऱ्यावरचे सैनिक गारठून जातात, ते मी समजावत होते. वर पंखा गरगरत होता, खिडकीतून रस्त्यावरच्या हॉर्नचा गोंगाट येत होता. भांडुपहून येणारी कुंदा नावाची एक मुलगी आहे, कधी तोंड उघडत नाही. ती उभी राहिली आणि तिने विचारलं, मॅडम, थंडीने माणूस मरतो म्हणजे नक्की काय होतं? आणि मी काय सांगितलं माहीत आहे? मी सांगितलं की इथे थंडी हे निसर्गाच्या उदासीनतेचं प्रतीक आहे. गाइडमध्ये हेच उत्तर आहे, विद्यापीठ त्याला गुण देतं. तिने ते लिहून घेतलं आणि बसली.

त्याच सुमारास नलिनीकाकूंनी हलव्याचा घाट घातला होता. मार्गशीर्षात लग्न म्हणजे ही आपली पहिली संक्रांत, सुनेला हलव्याचे दागिने हवेत आणि जावयाला आमच्याकडून हार हवा. आईला हलवा जमत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचं काकूच करणार होत्या. तुला माहीतच आहे त्यांचं. परात मंद आचेवर, खसखशीवर चमचाभर पाक आणि बोटांनी फिरवत राहायचं. गार हवा असली तरच हलव्याला काटा येतो, आणि पार्ल्याला गार हवा कुठून येणार? म्हणून त्या पहाटे खिडक्या उघड्या टाकून बसायच्या आणि मला म्हणायच्या, यंदा थंडी पडू दे गं बाई. सगळ्या मुंबईत थंडीची वाट बघणारी ती एकच बाई असेल. डिसेंबरच्या सुरुवातीला तुझ्या पलटणीची तार आली आणि त्या पुण्याला गेल्या. परात तशीच राहिली, खसखशीला नुकता पांढरा रंग चढलेला.

पुण्याहून परतल्यावर त्या थेट मुलुंडला आल्या. चहा घेतला नाही. पदर सावरून बसल्या आणि त्यांनी मला सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, जसं काही दुसऱ्या कुणाच्या मुलाचं सांगताहेत. चढताना एका जवानाच्या बुटाची नाडी बर्फाने थिजली होती. त्याला बूट सैल करता येईना, पाय सुन्न पडत चाललेला. तू हातातले मोजे काढलेस आणि उघड्या बोटांनी ती नाडी सोडवत बसलास. त्याचा पाय वाचला. काकू हे सांगताना एकदाही अडखळल्या नाहीत. फक्त तुला संत्रं सोलून भरवलं असं म्हणाल्या तेव्हा थांबल्या. मग त्यांनी तुझा निरोप सांगितला आणि पिशवीतून कापसात गुंडाळलेली एक डबी काढून टेबलावर ठेवली. ती मी उचलली, पण उघडली नाही. त्या गेल्यावर बाबा म्हणाले, नीट विचार कर. आईने माझ्या केसांना तेल लावलं, आणि मी लहान असल्यासारखी तिच्या गुडघ्याशी बसून रडले. रडताना एकच गोष्ट डोक्यात येत होती. एवढ्या कविता वाचल्या, पण एकाही कवितेत नाडी नव्हती. कविता हात गोठेपर्यंत येतात आणि तिथे संपतात. पुढे त्या हाताची आई संत्रं सोलते, ते कुणी लिहिलेलं नाही.

आमच्या वाचनालयाची जानेवारीत व्याख्यानमाला असते. गणपतीच्या दिवसांत मी मोठ्या तोऱ्यात विषय देऊन बसले होते, ‘युद्धकवितेतला पाऊस आणि थंडी’. तू वर होतास ना, मला मिरवायचं होतं. आता नाही म्हणावं असं वाटलं, पण पत्रकं छापून झाली होती. मग मी तयारीला बसले आणि इंग्रजी बाजूला ठेवून आपल्याकडचं शोधू लागले. पोवाडे चाळले. पोवाड्यातही पाऊस आहे, अंधार आहे, पण तो आपल्या बाजूने लढणारा. मुसळधार पावसाचा फायदा घेऊन वीर गड चढतो. त्याला पडसं होत नाही, त्याचे कपडे भिजत नाहीत. मला वाटलं, आपल्या कवितेत थंडी वाजलेला शिपाई नाहीच की काय. आणि मग वाचनालयाच्याच कपाटात जात्यावरच्या ओव्यांचा एक संग्रह मिळाला. साताऱ्याकडच्या बायकांनी पलटणीत गेलेल्या नवऱ्या-मुलांवर रचलेल्या ओव्या. तिथे लढाई कुठे चालली आहे हे त्यांना ठाऊकच नाही. त्यांना एवढंच पडलंय की तिकडे पाऊस असेल का, त्याच्याकडे घोंगडी आहे का, रात्री अंगावर कोण घालेल. विद्याधर, आपली युद्धकविता तिथे आहे. पोवाड्यातला पाऊस शत्रूवर पडतो, ओवीतला पडतो लेकाच्या डोक्यावर. इंग्रज कवींना खंदकात बसून जे उमगलं ते या बायकांना जात्याशी बसून माहीत होतं. मी ते वाचलं आणि कितीतरी दिवसांनी मला तुझ्याशी भांडायची इच्छा झाली, तुला दाखवायची इच्छा झाली, बघ रे, मला सापडलं.

गेल्या रविवारी व्याख्यान झालं. सभागृह भरलं होतं. तिसऱ्या रांगेत नलिनीकाकू होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. मी त्यांना बोलावलं नव्हतं, पार्ल्याहून एकट्या आल्या होत्या. मी जमेल तसं बोलले. ओव्यांविषयी, खंदकाविषयी. कुंदाचा प्रश्न सांगितला आणि तिला मी दिलेलं उत्तर पुसून टाकलं, म्हटलं, थंडी प्रतीक नसते, थंडी थंडी असते, तिने बोटं काळी पडतात. तुझं नाव घेतलं नाही. शेवटी एक निवृत्त गृहस्थ उठले. सज्जन माणूस, वाचनालयाला दर वर्षी देणगी देतात. ते म्हणाले की बाईंचं विवेचन अभ्यासपूर्ण आहे, पण सैनिकाचं कुढणं, कुडकुडणं असं चव्हाट्यावर आणलं तर समाजाचं मनोबल खचतं. आपल्या काव्याचा प्राण वीररस आहे, सैनिक आपल्याला शूरच दिसला पाहिजे. लोकांनी माना डोलावल्या. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात काकू उभ्या राहिल्या. आयुष्यात त्या कधी चारचौघांत बोलल्या नाहीत, भजनी मंडळातसुद्धा मागे बसतात.

त्या म्हणाल्या, “माझा मुलगा शूरच आहे. त्याला थंडी वाजली.”

आणि बसल्या. ते गृहस्थ हळूच जागेवरून उठून त्यांच्यापाशी गेले आणि त्यांनी काकूंच्या हातावर तिळगूळ ठेवला. मी व्यासपीठावर उभी होते आणि मला दिसत होतं की एवढं तास-दीड तास बोलून मला जे सांगता आलं नाही ते तिथे तिसऱ्या रांगेत सांगून झालं होतं.

त्या संध्याकाळी मी काकूंबरोबर पार्ल्याला गेले आणि तिथेच राहिले. सकाळी जाग आली तर स्वयंपाकघरात खिडक्या उघड्या, वारा येतोय आणि काकू परातीपुढे बसलेल्या. तीच खसखस. मला म्हणाल्या, बस, बघत काय उभी आहेस, काटा येतोय. मी बोटं घातली आणि भाजली. त्या हसल्या. भाजल्याशिवाय येत नाही, म्हणाल्या. आम्ही दोघींनी तिथे बसून तुझ्याविषयी चकार शब्द काढला नाही, नुसता हलवा फिरवला, आणि मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं की मी तुझ्या जवळपास कुठेतरी आहे. माझ्या बांगड्या आणि तुझा हार तयार आहे. रथसप्तमीपर्यंत संक्रांतच असते. तिळगूळ पाठवत नाही, स्वतः देणार आहे, आणि गोड बोल असाही माझा आग्रह नाही. निदान बोल.

आता निरोपाचं. काकू म्हणाल्या, मी शब्द बदललेले नाहीत. तुझे शब्द असे: मृणालला सांग, मी तिला मोकळं केलं आहे. उजव्या हाताला अंगठ्याखेरीज बोट राहिलेलं नाही, अशा माणसाशी तिने संसार करायचं कारण नाही. डबी मी अजून उघडलेली नाही, आत अंगठी आहे हे मला न उघडता कळतं. मी फार रागावले आहे, विद्याधर. पावसाचा राग धरता येत नाही, तुझा येतो. तू एका जवानाचा पाय वाचवायला मोजे काढलेस तेव्हा कुणाला विचारलं नाहीस, ते बरोबरच केलंस. पण माझा हात सोडताना तरी विचारायला हवं होतंस. पुढच्या शनिवारी मी आणि काकू येतो आहोत. डबी आणते. तुला मी नको असेन तर माझ्या तोंडावर सांग, निरोपावर मी लग्न मोडत नाही. आणि आता हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते. बिनबोटांच्या मोज्यांपैकी डाव्या हाताचा कधीच पूर्ण झाला आहे. उजवा मनगटापासून अंगठ्यापर्यंत येऊन तार आली त्या दिवसापासून सुयांवर थांबला आहे, कारण जुनं माप आता उपयोगाचं नाही आणि पुण्याला सकाळी बोचरा वारा असतो. सोबत कॉलेजची एक कोरी पुरवणी घातली आहे. तिच्यावर तुझा उजवा हात ठेव, जसा आहे तसा, आणि डाव्या हाताने पेन्सिल फिरव. रेघ वेडीवाकडी आली तर येऊ दे. तुझ्याने नाहीच झालं तर कागद उशाशी ठेव, शनिवारी मी काढीन. फक्त यावेळी हात हलवू नकोस.

तुझीच,
मृणालिनी